हाफकिनसाहेबांची सुई

आमच्या परभणी जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या, की आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे रोगीही येऊ लागतात. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातून, गंगाखेड-पालमच्या गोदाकाठावरून कुणाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेले असते, तर कुणाला बाजेवर घालून. विषावर उतारा म्हणून जी कुपी फोडली जाते, तिच्यावर एक नाव आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. हाफकिन. लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजायला नेले, तर तिथेही तेच नाव. हे औषधाचे नाव, कंपनीचे की एखाद्या गावाचे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ते एका माणसाचे नाव आहे. हा माणूस मराठी नव्हता, इंग्रज नव्हता आणि गंमत म्हणजे डॉक्टरही नव्हता.

१९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रोगी सापडल्याची बातमी आली आणि पाठोपाठ सुरतेत हाहाकार उडाला. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम वर्ष होत आले होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांनी त्या दिवसांत पलेगच्या जुन्या गोष्टी बाहेर काढल्या. घरात उंदीर पडला, की भांडीकुंडी उचलून माळावर खोपी घालायच्या, गाव ओस पडायचे, एकाला पोचवून येईतो दुसऱ्याच्या जांघेत गाठ आलेली असायची. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे मुंबई सरकारचे कायदे इकडे नव्हते. पण रोगाला कुठली आली सरहद्द? याच रोगावर पहिली लस मुंबईत तयार झाली आणि ती तयार करणारा हा हाफकिन.

लस शोधून काढणारा शास्त्रज्ञ म्हणून त्याचे चरित्र अनेकांनी सांगितले आहे. मला ते आज जरा वेगळ्या कारणासाठी सांगायचे आहे. धडधाकट माणसाच्या अंगात एखादी नवी गोष्ट टोचून पाहायची असेल, तर त्याची परवानगी कुणी घ्यायची, काय सांगून घ्यायची, आणि तो नको म्हणाला तर काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा उभा राहिला तो याच माणसाच्या हातून. त्याने त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार चांगले दिले. उरलेले अर्धे अजूनही पुरते मिळालेले नाही.

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिनचा जन्म १८६० सालच्या मार्चमधला, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ते शहर तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. घर ज्यू व्यापाऱ्याचे. ओडेसाच्या विद्यापीठात त्याला मेचनिकॉव्हसारखा गुरू मिळाला. याच मेचनिकॉव्हला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थीदशेत हाफकिन झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ओढला गेला. १८८१ साली ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीचे रक्षण करणाऱ्या तरुणांत तोही होता. त्यात तो जखमी झाला, पकडला गेला आणि गुरूने रदबदली केली म्हणून सुटला. तुरुंगाच्या भिंती त्याने आतून पाहिल्या होत्या, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल. विद्यापीठात कायमची जागा हवी असेल तर धर्म बदल, अशी अट त्याच्यापुढे आली. त्याने ती नाकारली. १८८८ साली तो जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पाश्चर संस्थेत गेला. तिथे रिकामी जागा एकच होती, ग्रंथपालाची. त्याने ती घेतली आणि फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

त्या काळी युरोपात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, दहशत होती. हाफकिनने पटकीच्या जंतूंपासून लस बनवली. सशांवर, गिनीपिगांवर ती लागू पडली. आता माणूस हवा होता. १८ जुलै १८९२ रोजी त्याने ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, सुई टोचल्याच्या जागी ठणका लागला, पण तो काम करीत राहिला आणि सहा दिवसांनी त्याने दुसरी मात्राही घेतली. त्यानंतर त्याचे तीन रशियन मित्र तयार झाले. चौघेही सुखरूप राहिल्यावर मगच त्याने शास्त्रज्ञांच्या सभेत आपला शोध मांडला.

स्वतःवर प्रयोग करून घेणारे शास्त्रज्ञ त्या काळात आणखीही होते, त्यात थोडा शौर्याचा मिजासही असे. हाफकिनच्या बाबतीत मला ते तसे वाटत नाही. कारण त्याने ही गोष्ट एकदाच करून सोडून दिली नाही. पुढे भारतात जिथे लोक बिचकले, तिथे त्याने आधी स्वतःला किंवा बरोबरच्या डॉक्टरांना टोचून दाखवले. जे मी तुमच्या अंगात घालणार आहे ते आधी माझ्या अंगात गेले आहे, हे लोकांना दिसावे, असा त्यामागचा साधा हिशेब होता. ज्याला वाचता येत नाही त्याला समजावण्याचा याहून सोपा मार्ग त्या काळी दुसरा कोणता होता?

१८९३ च्या वसंतात तो कलकत्त्याला उतरला. आग्र्यापासून सुरुवात झाली, मग उत्तर हिंदुस्थानभर आणि कलकत्त्याच्या बस्त्यांमधून तो हिंडला. अडीच वर्षांत सुमारे बेचाळीस हजार लोकांना त्याने लस टोचली. सक्तीचा हुकूम काढा, असे त्याने सरकारला कधी म्हटले नाही. ज्याला वाटेल त्याने यावे, हा त्याचा नियम होता. एका बस्तीत लोकांनी दगडफेक केली, तेव्हा त्याने आणि सोबतच्या बंगाली डॉक्टरांनी तिथेच एकमेकांना सुया टोचल्या आणि जमाव निवळला, असे त्याच्या चरित्रात सांगतात.

पण इथेच एक गाठ आहे. लस उपयोगी आहे हे सिद्ध करायचे, तर टोचलेले आणि न टोचलेले असे दोन गट हवेत. दोघांचे राहणे, खाणे, पाणी एकच हवे आणि त्यांची मोजदाद नीट ठेवता यायला हवी. अशी माणसे कुठे सापडतात? पलटणीत, आसामच्या चहामळ्यांत आणि तुरुंगात. हाफकिन या तिन्ही ठिकाणी गेला. मळ्यातला मजूर मालकासमोर, शिपाई साहेबासमोर आणि कैदी जेलरसमोर स्वेच्छेने हात पुढे करतो, तेव्हा त्यात स्वेच्छा किती आणि धाक किती, हे कुठल्याही तराजूत तोलता येत नाही. जिथे शास्त्राला सगळ्यात चांगला पुरावा मिळतो, तिथेच माणसाची हो ची किंमत सगळ्यात कमी असते. हाफकिनच्या साऱ्या कामाला हा पेच चिकटलेला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. सरकारने हाफकिनला बोलावून घेतले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो मुंबईत पोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक ओसरी मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवायला युरोपात गोमांसाचा अर्क वापरीत. हाफकिनने तो टाळून बकऱ्याच्या मांसाचा अर्क घेतला, म्हणजे हिंदूंची आणि मुसलमानांचीही अडचण होऊ नये. त्यावर तूप सोडले, की तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत्या मुळांसारखी उतरते, हे त्याला आढळले होते. आपल्या घरच्या तुपाचा असाही एक उपयोग इतिहासात नोंदला गेला आहे!

आपण अंगात काय टोचून घेतो आहोत, ते आपल्या धर्माला चालणारे आहे का, हा प्रश्न लोक विचारणार, हे परदेशातून आलेल्या या माणसाने आधीच ओळखले होते. संमती या शब्दाचा कायदेशीर अर्थ तेव्हा कुणी ठरवलेला नव्हता, पण समोरच्याचा नकार कुठून येईल याचा विचार करणे हीही तिची सुरुवातच म्हणायची.

तीन महिने रात्रंदिवस काम चालले. मदतनिसांपैकी काही थकून गेले, काहींनी भीतीने काम सोडले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली आणि तीही पुढे लोकांना दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी. जोराचा ताप भरला, अंग दुखले, दोन-चार दिवसांत उतार पडला. नंतर शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी आपण होऊन टोचून घ्यायला आली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिन तिथे गेला. कैद्यांना लसीविषयी सांगण्यात आले आणि ज्यांना हवी त्यांनी पुढे यावे असे म्हटले. सव्वातीनशेच्या वर कैद्यांपैकी दीडशेहून थोडे अधिक पुढे आले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. हा आकडा मला फार बोलका वाटतो. तुरुंगात, डोळ्यांदेखत माणसे मरत असताना, निम्म्याहून अधिक कैदी नको म्हणाले आणि त्यांना कुणी जबरदस्तीने टोचले नाही. ज्यांच्या अंगात रोग आधीच भिनला होता असे तिघे टोचल्यानंतर लगेच दगावले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

पण मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या कैद्याला निवड करायला कितीसे मोकळे रान असते? हाफकिनवर शंका घेण्यासाठी मी हे म्हणत नाही. आजच्या नियमांत कैद्यांना ज्यांचे विशेष रक्षण करायचे अशा दुबळ्या गटात धरले आहे, त्यामागचे कारण हेच आहे.

त्याच वेळी पुण्यात काय चालले होते हे ताडून पाहण्यासारखे आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या आधाराने रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत, देवघरांत, माजघरांत घुसले. संशयितांना ओढून नेले, सामान जाळले. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोग एक, वर्ष एक, सरकारही तेच. एकीकडे माणसाला विचारायचेच नाही असे ठरलेले, आणि दुसरीकडे एक परका माणूस तुरुंगातल्या कैद्यालाही विचारत उभा. लोकांनी हाफकिनच्या लसीविषयी कमी अफवा उठवल्या असे नाही, त्याही भरपूर उठल्या. पण त्या निवळवायला बंदूक लागली नाही. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत पुन्हापुन्हा टोचून घेतले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे हजारो अनुयायी आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही देऊ केला.

आता मी उंधेऱ्यापाशी येतो. हाफकिनच्या आयुष्यातल्या या प्रसंगाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो आहे.

उंधेरा हे बडोदे संस्थानातले लहानसे गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग चालू होता. तुरुंगातल्या आकड्यांवर शंका घेणारे लोक होते. जे आपण होऊन टोचून घेतात ते मुळातच धडधाकट असतील, असे ते म्हणत. म्हणून इथे नवी रीत वापरली. घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. बाया, पुरुष, मुले, म्हातारे, अशक्त, सशक्त दोन्हीकडे शक्य तितके सारखे येतील असे पाहिले. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. सहा-एक आठवड्यांनी पुन्हा जाऊन हिशेब केला. टोचलेल्या ५१३ जणांपैकी आठ आजारी पडले होते आणि तीन मेले होते. न टोचलेल्या ४३७ जणांपैकी सत्तावीस आजारी पडले आणि सव्वीस मेले.

शास्त्राच्या दृष्टीने याहून चोख पुरावा त्या काळात क्वचितच मिळाला असेल. त्या पुराव्यावर विसंबून पुढे लाखो लोकांना लस टोचली गेली. मी मात्र हे आकडे वाचताना एका घराचा विचार करीत बसतो. एकाच चुलीवर जेवणारी सहा माणसे. त्यातली तीन इकडे, तीन तिकडे. थोरल्याला टोचले, धाकट्याला नाही. सासूला टोचले, सुनेला नाही. त्या सव्वीस जणांतली बहुतेक माणसे अशा घरांतली होती, जिथे दुसरी कुणी टोचून घेऊन वाचली. मग न टोचलेला माणूसही प्रयोगात सामील नव्हता का? त्याच्या अंगात सुई गेली नाही, पण त्याचे जगणे-मरणे वहीत लिहिले गेलेच. त्याला काय सांगितले होते? गावाने संमती दिली, घरच्या कर्त्याने दिली, संस्थानाने दिली. पण त्या धाकट्याची संमती कुणी घेतली?

हाफकिनच्या बाजूनेही बोलले पाहिजे. लस खरोखर उपयोगी की नुसती वेदना देणारी, हे तोवर पक्के ठरलेले नव्हते, शिवाय सर्वांना पुरेल एवढी लसही हाताशी नव्हती. पक्के ठरवल्याशिवाय ती गावोगाव नेणेही योग्य नव्हते. आजही नव्या औषधाची परीक्षा याच पद्धतीने होते. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नाही आणि कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरते. फरक इतकाच पडला आहे, की चिठ्ठी टाकण्याआधी दोन्ही गटांतल्या प्रत्येक माणसाला हे सांगावे लागते आणि त्याची सही घ्यावी लागते. या एका सहीसाठी जगाला बरीच किंमत मोजावी लागली. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गला पहिले तत्त्व लिहिले गेले, ते माणसाच्या स्वतःच्या संमतीचे.

सही म्हणजे संमती नव्हे, हे मात्र आपल्याकडे वारंवार विसरले जाते. मी खेड्यातल्या शाळेत नोकरी केली. एकदा एका विद्यापीठाच्या आरोग्य पाहणीची मंडळी गावात आली होती. बायकांच्या अंगात रक्त किती हे तपासायचे होते. काम चांगले होते, मुलेमुली सभ्य होती. छापील फॉर्म तीन पानी, भाषा शुद्ध मराठी, पण ती वाचून मलाही दोनदा थांबावे लागले. बायका रांगेने अंगठे देत होत्या. एक वयस्क बाई मात्र फॉर्म हातात धरून उभी राहिली. बाटलीभर रक्त घेता आणि तपासायला थेंबभर लागते म्हणता, तर उरलेल्याचे काय करता, एवढेच तिने विचारले. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. वरच्या साहेबांना विचारून सांगतो म्हणाली. मग सांगितल्यावर अंगठा देते, म्हणून ती घरी गेली. गावातल्या शहाण्यांनी तिला अडाणी ठरवले. मला मात्र त्या रांगेत समजून-उमजून वागलेले एकच माणूस दिसले, आणि ते नको म्हणून परतलेले होते.

हे काही एका गावापुरते नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदे जिल्ह्यात हजारो शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस प्रात्यक्षिक म्हणून टोचण्यात आली. बडोदे, म्हणजे ज्याच्या शेजारी उंधेरा, तेच. काही मुली दगावल्यावर २०१० साली ते काम थांबवण्यात आले. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असे चौकशीत निघाले. पण आणखीही एक गोष्ट निघाली. आश्रमशाळांतल्या आणि वसतिगृहांतल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकाने सही केली होती. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असेलही, ती चांगली आहे असेच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. पण मुलीच्या आईला विचारण्याचे काम त्याने टळत नाही.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची अलीकडची आवृत्ती २०१७ ची. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. त्यांत जे लिहिले आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे असे मला वाटते. माहिती समजेल अशा भाषेत द्यायची. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे. केव्हाही कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. इजा झाली तर उपचाराची आणि भरपाईची तरतूद आहे. कागदाची एक प्रत भाग घेणाऱ्याला द्यायची असते. परभणीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. असे कागद पुढच्या काळात आपल्या दारी अधिक येतील आणि ते यावेत. मराठवाड्यातले रोग पुण्या-मुंबईच्या माणसांवर अभ्यासून कळणार नाहीत.

हाफकिनच्या कथेकडे परत जाऊ. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्याची प्रयोगशाळा थाटली गेली. एका ओसरीत सुरू झालेले काम राजवाड्यात पोचले. पंजाबात प्लेग भडकला, तिथल्या सरकारने मोठी मोहीम आखली आणि परळहून लाखो मात्रा मागवल्या. मागणी वाढली तशी लस बनवण्याच्या रीतीत बदल झाला. ती टिकवण्यासाठी घालायचे कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले आणि जंतू मारायला केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. पॅरिसला ही रीत चालत होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांतल्या एकोणीस जणांचे जबडे आवळले, पाठी धनुष्यासारख्या वाकल्या. धनुर्वात! एकोणीसही मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ही माणसे आजारी नव्हती. आजार टळावा म्हणून, साहेब सांगतात त्यावर भरवसा ठेवून ती आली होती.

मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी आणि कार्बोलिक वगळणे ही चूक होती, असा तिने निष्कर्ष काढला. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले. त्याने सतत सांगितले, की बाटली परळहून निघताना शुद्ध होती. गावात ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट कागदपत्रांत होती. बाटली उघडली तेव्हा तिला वास येत नव्हता, हेही होते. महिनाभर आधी धनुर्वाताचे जंतू आत गेले असते तर ती उघडताक्षणी घाण आली असती. पण चार वर्षे त्याचे कुणी ऐकले नाही. ज्यू, रशियन आणि वैद्यकीय पदवी नसलेला माणूस लष्करी डॉक्टरांच्या डोक्यावर बसवला होता, याचा सल अनेकांना होताच.

अखेर त्याच्यासाठी उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत, म्हणजे आपल्याच तेव्हाच्या हैदराबाद राज्यात, डास आणि हिवताप यांचे नाते उलगडले. त्यासाठी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याने डासांना आपले रक्त पाजू दिले होते आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळाला होता. आजच्या नैतिक समित्या या व्यवहारावर बराच वेळ बसतील. पैशाच्या आशेने दिलेली संमती मोकळी मानायची का, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज येतो. पण हुसेन खानाचे नाव तरी रॉस यांनी लिहून ठेवले, आणि तेवढ्यामुळे ते आपल्यापर्यंत आले. मुलकोवालच्या एकोणीस जणांच्या वाट्याला तेही आले नाही. हाफकिनवर जितके लिहिले गेले आहे त्यात ते सहसा एक आकडा म्हणूनच येतात.

जुलै १९०७ मध्ये रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून सांगितले, की हाफकिनवरचा आरोप पुराव्याला धरून नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने माघार घेतली आणि तो निर्दोष ठरला. त्याला परत नोकरीवर बोलावले, पण परळला नाही, कलकत्त्याला. माणसांवर नव्या लसींची परीक्षा घेण्याचे काम त्याला पुन्हा मिळाले नाही. ज्या हाताने एवढ्या लोकांना विचारून टोचले, तो हात त्यानंतर वहीपुरता उरला. १९१४ च्या सुमारास तो निवृत्त होऊन फ्रान्सला निघून गेला. लग्न त्याने केले नाही. उतारवयात तो धर्मनिष्ठ ज्यू म्हणून जगला आणि आपली मिळकत पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवून गेला.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान गावी तो वारला. १९६४ च्या मार्चमध्ये भारत सरकारने त्याच्या नावाचे टपाल तिकीट काढले. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने माणसांवरील संशोधनाचा जाहीरनामा संमत केला. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आधी सारे समजावून सांगावे आणि मग त्याची मोकळ्या मनाची संमती शक्यतो लेखी घ्यावी, असे त्यात लिहिले आहे.